पोटावरचं टक्कल

कोलॅक,
६ सप्टेंबर १९३६

ती. सासूबाईंस मर्लचा सा. न. वि. वि.

कंबरेचं हाड जुळतंय ना? जीलाँगला नणंदबाईंकडे तुम्ही खाटेवर पडून आहात म्हणजे मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

आर्टी लोकर कातरायला गेलेत, तेव्हा सशांचं काम माझ्या गळ्यात आलं. बिळाच्या तोंडांवर जाळी बसवली आणि सशांना हुसकवायला तो मुंगसासारखा फेरेट आत सोडला. पहिला ससा अडकला तेव्हा त्याला सोडून द्यावंसं वाटलं. पण तुम्ही बजावलं होतं, दया करायची तर हात कचरता कामा नये. मागचे पाय डाव्या हातात, मान उजव्यात, एकच ओढ खाली आणि मागे. त्याला कळलंही नसेल. मग मूत्राशय दाबून रिकामं केलं, पोट वरच्यावर चिरलं, आतडं फुटू दिलं नाही. काळजावर रोगाचे डागही नव्हते.

पण पोटावर केसच नव्हते, आणि काहीतरी ओलं-चिकट हाताला लागलं. खरूज समजून पुरून टाकला. चुकलं का? आर्टी नेहमी म्हणतात, दर सप्टेंबरात, वसंत लागला की, आईच्या जाळीतून एखादा तरी निसटतोच. माझ्या जाळीतून एकही निसटला नाही हो!

कृपा असू द्यावी.
आपली सून, मर्ल

जीलाँग,
१२ सप्टेंबर

चि. सौ. मर्लला अनेक आशीर्वाद.

पुलावर पाणी होतं, तुझं पत्र आज मिळालं. हात चांगला चालला तुझा. पण पोरी, ती खरूज नव्हती. मादी होती ती. पिल्लांच्या अंथरुणासाठी आपल्याच पोटाचे केस उपटते. ओलं लागलं ते दूध.

पिल्लांचं बीळ वेगळं असतं, तोंड मातीनं बुजवलेलं. कुंपणाजवळ ताजी माती दिसेल तिथे खण. जिवंत असतील तर काय करायचं ते तुला ठाऊक आहे. आईला मारलं की मागचं कामही आपल्याच अंगावर येतं.

थेल्मा

कोलॅक,
१५ सप्टेंबर

ती. सासूबाईंस सा. न.

खणलं. हातभर आत केसांची मऊ गादी होती आणि तिच्यात पाच पिल्लं. मला काहीच करावं लागलं नाही, सगळी थंड होती.

आई, माझं डोकं चालेनासं झालंय. मादीला दुखलं नाही म्हणून मी इतके दिवस स्वतःवर खूश होते, आणि तेवढेच दिवस ती पिल्लं तिथे भुकेनं मरत होती. मग दया केली ती कुणावर? ससे माजले तर मेंढ्यांना काडी उरत नाही, हेही कळतं. पण जाळीला हात लावावासा वाटत नाही. आर्टी आले की त्यांना काय सांगू?

मर्ल

जीलाँग,
१८ सप्टेंबर

चि. सौ. मर्लला मनापासून आशीर्वाद.

रडून झालं असेल तर जाळी लाव. ते काम सुटायचं नाही. फक्त मान धरण्याआधी पोटाखाली हात घाल. टक्कल लागलं तर जाळी उचल आणि दुसरीकडे बघ. पिल्लं मोठी झाली की येतीलच जाळीत, तेव्हाचं तेव्हा.

आर्टीनं विचारलं तर सांग, आईची जाळी जुनी झालीय, निसटतात. लहानपणापासून तो मला तेच ऐकवतोय, आणि मी ऐकून घेतेय.

माया आहेच, तूही ठेव.
तुझी सासू, थेल्मा