काही दिवस गाडी चालवायची नाही

४ मार्च, मंगळवार

आज भरलेली बस मधेच थांबवली. पुलाच्या चढावर. कशीबशी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि मग हात स्टिअरिंगवरून सुटेनात. छातीवर कोणी गुडघा रोवून बसलंय असं वाटत होतं. मागून हॉर्नवर हॉर्न.

आमचा कंडक्टर लंबू पुढे आला, वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वळून म्हणाला, "गाडीत बिघाड आहे. सगळ्यांना मागच्या गाडीत बसवून देतो." लोक कुरकुरत उतरले. एक आजी उतरता उतरता थांबल्या. "बरं वाटत नाहीये का?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

हार्ट अटॅक असणार. दुसरं काय?

५ मार्च

हार्ट अटॅक नाही. हॉस्पिटलमध्ये कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. सगळं ठणठणीत. बायकोचा जीव भांड्यात पडला. मला मात्र वाईट वाटलं — काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं. हे कोणाला सांगायचं?

७ मार्च, शुक्रवार

बायको ऐकेना. डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. त्या आमच्या घरातल्याच म्हणायच्या. माझ्या गोवरापासून बाबांच्या मोतीबिंदूपर्यंत सगळं त्यांना पाठ.

रिपोर्ट चाळून बाजूला ठेवले. "हे झालं. आता तू सांग."

"ॲसिडिटी असेल," मी म्हणालो.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. खुर्ची ओढून टेबलाच्या या बाजूला, माझ्याजवळ आणली. "लेकीशी शेवटचं कधी खेळलास?"

आठवेना. खूप आठवून पाहिलं. आणि आठवत नाही म्हणून रडू फुटलं. एवढा घोडा झालेला माणूस, हुंदके देऊन रडलो. बाहेर पेशंट खोकत होते, कोणाचं तरी पोर किरकिरत होतं. डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. मग सगळं सांगितलं. झोप उडालीय. जेवण मातीसारखं लागतं. गाडी चालू करण्याआधी किती दिवसांपासून हात थरथरतात. सुट्टीच्या दिवशी अंघोळीचासुद्धा कंटाळा येतो.

मग त्यांनी विचारलं. खोकला आहे का विचारतात ना, तशाच आवाजात. "मरून जावं असं वाटतं?"

"मरावंसं नाही. पण सकाळी जाग नाही आली तरी चालेल, असं वाटतं."

"काही ठरवलंयस? कसं, कुठे?"

"नाही."

"तसं मनात आलं तर आधी मला फोन. वेळ-अवेळ बघायची नाही. बायकोला आत बोलावून सांगू या का हे?"

हो म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझी बाही घट्ट धरली. घरी येईपर्यंत सोडली नाही.

नैराश्य आणि चिंता, दोन्ही एकदमच मुक्कामाला आलेत म्हणे. "आजार आहे हा. तू आळशी नाहीस आणि भित्राही नाहीस." रोज सकाळी एक गोळी. शिवाय एका समुपदेशक बाईंकडे बोलायला जायचं. आणि काही दिवस गाडी चालवायची नाही.

इथे माझं डोकं फिरलं. "मग मी करू काय?"

"बरा हो," त्या म्हणाल्या.

८ मार्च

बाबांना सांगितलं. ते रिटायर होईपर्यंत बसच चालवत होते. पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "आम्हाला कुठे सवड होती असलं काही व्हायला." पान उलटलं.

१२ मार्च, बुधवार

डेपो मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. त्यांनी डॉक्टरबाईंचं पत्र वाचलं, घडी घातली. "चौकशीच्या खिडकीवर बसा. तिथे माणूस हवाच आहे." बस्स, एवढंच. जास्त विचारलं नाही. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहिले.

१९ मार्च

काही फरक नाही. वर मळमळ. गोळ्या फेकून द्यायच्या होत्या, म्हणून आधी डॉक्टरबाईंना फोन केला. "मळमळ कमी होईल, जेवून घेत जा. फरक पडायला काही आठवडे लागतात, सांगितलं होतं मी. तुझं लक्ष नव्हतं. कसं असणार?" रागावल्या नाहीत.

फेकल्या नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

डॉक्टरबाईंनी रोज चालायला सांगितलंय. सकाळी चपला घालत होतो तर बाबा दारात उभे, त्यांचे बूट घालून तयार. "मलाही पाय मोकळे करायचेत." बागेला चक्कर मारली. दोघंही बोलघेवडे, पण एकमेकांशी नाही.

परत येताना फाटकापाशी थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीही एकदा गाडी बाजूला घेतली होती. तू लहान होतास. हातपाय गार पडले. बॉनेट उघडून उभा राहिलो, इंजिन तापलंय म्हणालो सगळ्यांना."

"मग?"

"मग काय. थोड्या वेळाने बॉनेट लावलं. तुझ्या आईलाही सांगितलं नाही."

त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

३ एप्रिल

बाबा आज माझ्याआधी तयार.

२१ एप्रिल, सोमवार

हसलो. लेक माझी नक्कल करत होती — नाकावर चष्मा, समोर उशांची खिडकी, "सात नंबर आत्ताच गेली, बाई. नाही, परत बोलावता येत नाही." पोट धरून हसलो. कोण हसतंय ते बघायला बायको ओल्या हातांनी बाहेर आली. दारातच उभी राहिली, बराच वेळ.

भाजीला चव होती आज.

१२ मे

वाईट दिवस. कारण काहीच नाही. समुपदेशक बाई म्हणाल्याच होत्या, मधे मधे असे दिवस येतील. अंथरुणात पडून राहिलो. संध्याकाळी बाबांनी ओढून बाहेर काढलं. तक्रार नाही.

३ जून, मंगळवार

डॉक्टरबाईंनी परवानगी दिली. डेपोच्या इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून रिकामी बस काढली. लंबू हट्टाने मागे बसला, एकटाच, तिकीट फाडून. पुलाच्या चढावर छातीत धडधड झाली. समुपदेशक बाईंनी शिकवल्याप्रमाणे श्वास सावकाश सोडला. धडधड होती, गाडीही चालू होती. पलीकडे उतरलो तर लंबू मागून ओरडला, "ड्रायव्हर, जरा जोरात घ्या, बैलगाडी पुढे जातेय."

९ जून, सोमवार

आजपासून माझ्या नेहमीच्या रूटवर. सकाळी बायकोने डबा देताना बाही धरली, मग सोडून दिली. जाताना मॅनेजरच्या केबिनमध्ये डोकावून आभार मानले. ते म्हणाले, "कशाबद्दल?" आणि फोन उचलला. फोन वाजत नव्हता.

गोळी चालूच आहे, अजून बरेच महिने. असू दे.

२५ जून, बुधवार

दुपारी भर गर्दीत डॉक्टरबाई चढल्या. त्यांची मोटार गॅरेजमध्ये. कोणीतरी उठून माझ्या मागची जागा दिली. "काय रे, कसं चाललंय?" मी सांगायला लागलो. बरंच सांगितलं. सिग्नलला आरशात बघितलं — मान खिडकीला टेकवून त्या गाढ झोपल्या होत्या. मी चालवत असताना.