रावेरचे पिंजरे

धुळे
२४ ऑगस्ट १९६९

चि. अभयकुमार यास कुसुमअक्काचे अ. उ. आ.

सोबत राखी आहे. तिथे बांधायला कोणी नसेल तर तुझ्या एखाद्या वानरिणीकडून बांधून घे. भाऊ काय करतो म्हणून कोणी विचारलं की मी सांगते, एम.एस्सी. झाला आणि आता रावेरकडच्या जंगलात दुर्बीण लावून वानरांची भांडणं बघतो. माझे सासरे म्हणाले, त्यासाठी जंगलात कशाला, आमच्या ओट्यावर बसायचं होतं!

आता खरी बातमी. आपल्या बाबूजींचं ब्लडप्रेशर पुन्हा वर गेलं. डॉक्टरांनी मीठ तोडलं, सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या. जेवताना ते पापडाकडे असे बघतात की आपली बाई उठून आत जाते. दुकानात गुमास्त्यांवर ओरडणं मात्र चालूच. बाईने यंदा नवस बोलला आहे की पर्युषणाआधी बाबूजींच्या हातून कोंडलेले जीव सोडवायचे, म्हणजे आजार उतरेल. दरवर्षी आपण बाजारातले पोपट सोडवतो, पण यंदा तुझ्याकडचे केळीवाले गिरधरभाऊ दुकानात आले आणि म्हणाले, आमच्या शिवाराजवळ कोणी वांदरं पिंजऱ्यात कोंडेल आहेत. झालं! बाबूजी रविवारी निघणार. तुला भेटूनच येतील. कोंडणाऱ्याची तुझी ओळख असेल तर आधीच दोन शब्द घालून ठेव.

तब्येत सांभाळ. राखीची आठवण ठेवून चार ओळी लिही.
तुझी अक्का

मुक्काम फॉरेस्टचा बंगला, ता. रावेर
२९ ऑगस्ट १९६९

ती. कुसुमअक्कास अभयचा सा. न. वि. वि.

राखी मिळाली. दातांनी गाठ मारून माझी मीच बांधली. पण तुझं पत्र वाचलं आणि लगेच हे लिहायला बसलो. हे पत्र मिळताच बाबूजींना थांबव. ते पिंजरे आमचेच आहेत.

घरी मी नुसतं दुर्बिणीचं सांगितलं होतं. पिंजऱ्याचं कळलं असतं तर बाईने, आईच ती, अन्न सोडलं असतं. पण आम्ही कोणाला मारत नाही गं. टोळीचा जो मुख्य नर असतो ना, त्याला घडीची उसंत नाही. कोण अंगावर येतंय, कोण आपली जागा घेतंय, दिवसभर तेच. आमच्या संशोधनाच्या सरांना बघायचं आहे की अशा नराचा रक्तदाब बाकीच्यांपेक्षा चढलेला राहतो का. माणसांच्या आजाराची काही उकल त्यातून होईल असं त्यांना वाटतं. सुई देऊन गुंगी आणायची, दंडाला पट्टा बांधायचा, मोजायचं. मंगळवारी मोजणी संपली की जिथून आणली तिथेच सोडणार आहोत. खरं सांगू, त्या मोठ्या नराकडे बघताना मला दुकानाच्या गादीवरचे बाबूजीच आठवतात. हे त्यांना सांगू नकोस.

नोकरी देताना सरांनी विचारलं होतं, तुम्ही जैन, घरचे आड येणार नाहीत ना? मी छातीठोक सांगितलं, माझ्या घरच्यांचा यात संबंधच नाही. आता बाबूजी इथे आले तर मी मेलो. पोटदुखीचं निमित्त काढ, काहीही कर.

मोठ्या बहिणीचा हात पाठीवर असू दे.
अभय

धुळे
३ सप्टेंबर १९६९

चि. अभयकुमार यास अ. उ. आ.

तुझं पत्र सोमवारी आलं. बाबूजी रविवारी पहाटेच्या गाडीने गेले होते. सोमवारी संध्याकाळी परतले. जीव सुटले, म्हणाले. बाईने आरती केली. अभय भेटला का विचारलं तर म्हणाले, तो कामात होता.

तेव्हापासून तोंड मिटलंय. गोळ्या बंद केल्या. कशाला आता, एवढंच म्हणतात. गुमास्त्यांवर ओरडत नाहीत. अरे, गुमास्ते मला येऊन विचारतात, शेठजींचं काय बिनसलं! काल स्थानकात मुनींच्या प्रवचनाला बसल्या बसल्या नाकातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घेतल्या नाहीत तर एखाद्या दिवशी अर्धं अंग जाईल.

तू रागावलास का त्यांच्यावर? तुझं नुकसान झालं असेल, पण त्यांना काय ठाऊक? काय झालं ते मला लिही. माझ्यापासून लपवलंस तर तुला माझी शपथ.
कुसुमअक्का

मु. फॉरेस्टचा बंगला
६ सप्टेंबर १९६९

ती. अक्कास नमस्कार. पुढचं काय लिहायचं ते सुचत नाही.

रागावलो असतो तर बरं झालं असतं.

पहारेकरी वना भाकरी खायला गेला होता. मी मागच्या ओढ्यावर होतो. गलका ऐकून धावत आलो तर पिंजरे उघडे, वानरं झाडांवर, आणि मधे बाबूजी. धोतरावर केळीचा चीक, टोपी खाली पडलेली, हात जोडून नवकार मंत्र म्हणत होते. सर संतापून ओरडत होते. त्यांनी मला विचारलं, हा कोण माणूस, ओळखतोस? मी नाही म्हणालो. असेल कोणी व्यापारी, असंही म्हणालो. एकदा नाही म्हटल्यावर गप्प बसायचं ना! तेवढीही अक्कल राहिली नाही.

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं आणि सरांना हात जोडले. पोराचा काही दोष नाही, माझी चूक झाली, म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, तोल जात होता. सरांचा राग तिथेच उतरला. माणूस चांगला आहे. त्यांनी बाबूजींना खुर्चीवर बसवलं, स्वतःचं यंत्र आणलं आणि मला म्हणाले, यांचा हात धर. अक्का, मी बाबूजींचा हात धरला आणि परक्यासारखा उभा राहिलो. पारा चढतच गेला. सर म्हणाले, या माणसाला घरी कोणी नाही का? असं एकट्याला फिरू कसं देतात? बाबूजी म्हणाले, मुलगा आहे, फार शिकलेला आहे, पण दूर असतो.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोललो. गिरधरभाऊंच्या गाडीपर्यंत ते चालत गेले आणि मी उघडे पिंजरे पुसत बसलो. दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते नुसतं म्हणाले, मला नाही, तिकडे जाऊन सांगा. कसा जाऊ? आरशात बघवत नाही मला.

लोभ ठेव असं मागायला तोंड उरलेलं नाही.
अभय

धुळे
१० सप्टेंबर १९६९

अभय,

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. कोणाला दाखवलं नाही. सख्ख्या बापाला? तुझ्या नोकरीचे पेढे मी गल्लीभर वाटले होते रे! शिव्या द्यायला बसले होते, पण लेखणी अडते. माझ्या सासरी कोणी मोठे पाहुणे आले की मीसुद्धा बाबूजींकडे निरोप धाडते, आज नका येऊ. ते मोठ्याने बोलतात, मळका कोट घालून येतात म्हणून. ते कधी विचारत नाहीत का म्हणून. आता वाटतं, सगळं कळत असणार त्यांना.

गोळ्या अजून बंदच आहेत. मी हातावर ठेवली तर परत डबीत टाकतात. सोमवारी संवत्सरी आहे. वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायला लोक शत्रूच्या दारी जातात, तू तर आपल्या घरी येणार आहेस. कार्ड पाठवून मोकळा होऊ नकोस. स्वतः ये.
अक्का

धुळे
१६ सप्टेंबर १९६९

चि. अभयकुमार यास रतनलालचे आशीर्वाद व जयजिनेंद्र.

काल वर्षाची क्षमा मागून सगळ्यांना खमावलं, तू राहिलास. झुलाल हमाल सांगत होता, धाकटे शेठ स्टँडवर दिसले आणि परतीच्या गाडीत बसले. बाई दुपारपर्यंत दारात उभी होती. असं करू नये बेटा. आलेलं माणूस घरी येऊन जेवून जातं.

जीव सोडले त्याचा मला पस्तावा नाही, हे तुझ्या साहेबांना सांग. तुझी मेहनत गेली त्याचा आहे. तुझं काम कोणतं, जागा कोणती, काही न विचारता मी तसाच घुसलो आणि चार लोकांत तुला खाली बघायला लावलं. याची मला फार लाज वाटते. म्हणून कोणाशी बोलवत नव्हतं. तुझ्यावर राग नाही.

आणि एक. साहेबांनी विचारलं, घरी कोणी नाही का. मी म्हणालो, मुलगा दूर असतो. तू तर माझा हात धरून उभा होतास. तरी मी तसं बोललो. तुला लागावं म्हणूनच बोललो. बापाने असं बोलू नये. त्याबद्दल मन, वचन, कायेने तुला खमावतो. मिच्छामि दुक्कडं.

पट्टा सोडल्यावरही तू हात लगेच सोडला नाहीस. हे मी बाईलासुद्धा सांगितलेलं नाही.

गोळ्यांवरून कुसुम रोज रडते. तू येऊन हातावर ठेव, घेईन. बाकी क्षेम.

ओळख असू द्यावी.
रतनलाल