आजारी खजुरीचा निरोप

तिमिमून, ता. ३ जून

त्या परमकृपाळू, दयाघनाचे स्मरण करून,

चि. झुहूर हिस लख्दरकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेहून आम्ही सुखरूप परतलो. रिवाजाप्रमाणे तुझ्या काकूने परीक्षकांसाठी खजूर भरलेले मकरूद नेले होते. निकालाआधीच त्यांनी ते फस्त केले आणि निकाल मात्र पुढे ढकलला! काकू वाटभर म्हणत होती, की मेल्यांच्या घशाखाली पोरीची विद्या उतरेना, मिठाई बरी उतरली.

अध्यक्ष बुआलाम यांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, की शेखसाहेब, रोग लागलेली खजुरी मुळांवाटे शेजारणींना सावध करते, म्हणून ती लगेच तोडू नये, असे लिहिते तुमची पुतणी. झाडे काय पारावर बसून गप्पा मारतात? तेवढे प्रकरण गाळू दे, पदवी देतो. मीही दाढी कुरवाळत हसलो. तेव्हा बाळ, गाळून टाक. झाडे मुकीच असतात. कळावे, हे आशीर्वाद.

ओरान, ता. ९ जून

ती. लख्दरकाकांच्या सेवेसी झुहूरचे कृतानेक सलाम. पत्र पावले. मकरूद उत्तम झाले होते असे ऐकते. माझ्यापर्यंत एकही पोचला नाही.

काका, ते प्रकरण म्हणजेच माझा सारा प्रबंध आहे. आजारी झाड तातडीने तोडले तिथे शेजारचीही गेली. काही दिवस उभे ठेवले तिथे तगली. परीक्षकांनी माझी निरीक्षणे उघडलीसुद्धा नाहीत. म्हणाले, की बाई, असे होतच नसते, मग पाहायचे काय? महिनाअखेरपर्यंत ते गाळण्यास संमती दिली नाही, तर प्रबंध रद्द.

लहानपणी मांडीवर घेऊन तुम्हीच शिकवलेत, की पानन्‌पान अल्लाचे नाव घेते. आता म्हणता, मुकी असतात. मी कोणत्या काकांचे ऐकू? तुम्ही सांगाल तसे करीन. लोभ आहेच, तो वाढावा.

तिमिमून, ता. १५ जून

चि. झुहूर हिस आशीर्वाद. तुझे पत्र आले, त्याच्या दुसऱ्या पहाटे मी नमाज पढवत होतो. झाडेही त्याच्यापुढे नतमस्तक होतात, या कुराणातल्या ओळीशी आलो आणि जीभ अडली. उभ्या आयुष्यात प्रथमच! मागच्या रांगेतून सलीम वाण्याने पुढचे शब्द दिले, तेव्हा कुठे नमाज पुरी झाली. बाहेर पडताना तो म्हणाला, की शेख, वय झाले तुमचे. वयाचे काय घेऊन बसलास? जन्मभर जे पढलो, ते मी कानांनी ऐकलेच नव्हते. परीक्षकांनी तुझी निरीक्षणे उघडली नाहीत. मी तर माझेच पाठांतर उघडले नव्हते.

संमती देऊ नकोस. आपल्या विहिरीजवळच्या खजुरीला रोग लागला आहे. ती तोडायला बोलावलेला माणूस मी आज दारातून परत पाठवला. गावाने वेड्यात काढले आहे. संध्याकाळी मुळाशी बसून पाहिले. मला काही ऐकू आले नाही, पण माझ्या कानांची योग्यता आता तुलाही ठाऊक आहे. तू ये आणि शेजारणींना निरोप पोचला का, ते पाहा. पुन्हा परीक्षा झालीच, तर निकाल लागेपर्यंत मकरूदांचे ताट माझ्या मांडीवर राहील, असा काकूचा हुकूम आहे.

हे पत्र जो कोणी वाचील, त्याच्या झाडांना पाणी मिळो, आणि कानांना आयुष्य सरण्याआधी जाग येवो.