भूत हे लक्षण नव्हे

ती. जीवराम नाना यांना, मु. दोंडाईचा,

पारोळ्याहून धाकट्या भावाचा, शालिग्रामचा वाकून नमस्कार. वहिनींनाही तसाच. गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल आहेत. मीही आहे, हे नशीबच म्हणायचं.

विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलाय. (मोटर सुरू झाली की स्टार्टरच्या पेटीतून फोन येतो आणि एक बाई गोड आवाजात तसं कळवते. आमच्या मंडळींचा तिच्यावर अजून संशय आहे.) परवा भर दुपारी लाईट गेलेली असताना बाईचा फोन आला, मोटर सुरू झाली आहे. धावत गेलो, तर मोटर गार. कपाशीचं पानही हलत नव्हतं, आणि खिशात पुन्हा तीच बाई. बोलता बोलता ती मध्येच थांबायची, जणू मागे कोणी येऊन उभं राहिलंय.

घाबरून मी मोटरदुरुस्तीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘अर्जंट. विहिरीत भूत. कोणीतरी सांगा.’ सोबत फोटो टाकला, त्यात माझा अंगठाच जास्त आला. ग्रुपवरचे लोक तुटून पडले. एकाने मागचे मेसेज वाचायला सांगितले, दुसऱ्याने ‘अर्जंट’ लिहायची बंदी दाखवली. (मी हात जोडल्याचं चित्र टाकलं, तर त्यालाही बंदी.) शेवटी चाळीसगावच्या पितांबर नावाच्या गृहस्थांनी शांतपणे लिहिलं, ‘भाऊ, भूत हे अनुमान झालं. लक्षणं सांगा. काय दिसतं, काय ऐकू येतं, तुम्ही काय करून पाहिलं.’

मी सगळं ओळीने लिहिलं आणि खाली जोडलं, आता पेटी उघडून बघतो. लगेच उत्तर आलं, ‘हात लावू नका. उंदराने वायर कुरतडलीय, ती पेटीच्या दाराला टेकलीय. म्हणून खोटे फोन येतात. लाईट आली की टेस्टर लावा.’

लाईट आल्यावर पेटीच्या कडीला टेस्टर लावला. दिवा पेटला. म्हणजे नाना, सगळ्या पेटीत करंट उतरला होता. मेन स्विच पाडून वायरमनला बोलावलं. उंदीर, वायर, सगळं तसंच निघालं. मी पितांबरभाऊंना विचारलं, न बघता कसं कळलं? ते म्हणाले, ‘मी कोणाला न विचारता हात घातला होता.’

आभार मानायला चाळीसगावला गेलो. त्यांचं मोटरदुरुस्तीचं दुकान बंद. मागे घरात त्यांच्या पत्नी रुक्माबाई भेटल्या. फोटोला हार होता. अशाच एका पेटीचा शॉक लागून ते गेले, मागच्या उन्हाळ्यात. त्यांचा फोन कपाटात बंद पडलेला. मी उत्तरं दाखवली. बाईंनी ती सावकाश वाचली, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, “जेवन थंड व्हई जाये, तरी लोकेस्ले उत्तर देनं सोडेत नहीत.” आणि वर, “मना मिक्सर बंद शे. तेवढं इचारी ल्या.”

तुमचा,
शालिग्राम

ता. क. पितांबरभाऊंना विचारून मिक्सर सुरू झाला. (मॉडेल नंबर लिहायला विसरलो होतो, त्यावरून बोलणी खाल्ली.)

ता. क. पितांबरभाऊ वारल्याचं ग्रुपवर कळवलं. खात्री न करता बातम्या टाकू नयेत, अशी समज मिळाली. त्या समजेला पितांबरभाऊंनीच अंगठा दिलाय.

ता. क. खरं काम हे. आज सकाळी त्यांनी आपणहून लिहिलं, ‘दोंडाईचाच्या थोरल्या भावाला कळवा, ओल्या हाताने पेटी उघडू नका.’ मला थोरला भाऊ आहे, हे मी ग्रुपवर कधी लिहिलेलं नाही. तुम्ही फोन उचलत नाही. पत्र मिळेपर्यंत, नाना, मोटर बंदच राहू द्या.