आमचा आंबा जळणात लिहिला

मंगळवार, संध्याकाळ

नव्या रस्त्यात जाणारी आमची झाडं मोजायला आज साहेब आले. फळझाडाला भरपाई जास्त. साहेबांनी विचारलं, "बाबा, आंबा किती लागतो?" आमचे हे म्हणाले, "कुठला हो! काय लागत नाय." दृष्ट लागू नये म्हणून जन्मभर हेच सांगत आले. साहेबांनी लिहिलं, जळाऊ लाकूड. ह्यांची सही झाली असती तर? झाड जाणारच, पण जळण म्हणून?

मी लोणच्याची बरणीच पुढे आदळली. "आधी खा, मग लिहा. ह्यांनी मलासुद्धा कधी कुणापुढं चांगली म्हटलं नाय."

साहेबांनी हसत खोडलं, फळझाड लिहिलं.

ते गेल्यावर हे हळूच म्हणाले, "तुलापण दृष्ट लागली असती ना."

एवढं बोलायला म्हाताऱ्याला सरकारी रस्ता यावा लागला.