मोरोची बाजू

तोरिनो, ३ मार्च १८७८

ती. चेलेस्तीनाताईस,
ओत्ताव्ह्योचा सा. न. वि. वि.

चित्र होत आलंय, आणि झकास झालंय! आपल्या टेकडीवर नांगर चाललाय. जुवाला उजवीकडे काळा मोरो, डावीकडे पांढरा बियांको, मागे सकाळचं आभाळ. मोरोचा फाटका कानसुद्धा सोडलेला नाही. चित्र प्रदर्शनात लागलं नाही तर घरी येऊन नांगर धरीन, हा बाबांना दिलेला शब्द आठवतो मला. पण तशी वेळच येणार नाही. सोबत छोटी नक्कल धाडतोय, त्यांना दाखव.

धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
ओत्ताव्ह्यो

रोक्कामेला, १० मार्च

चि. ओत्ताव्ह्यो यास अनेक आशीर्वाद.

नक्कल बाबांनी गोठ्याच्या दारात उजेडात धरून पाहिली. म्हणाले, टेकडी आपलीच, कानही मोरोचाच. मग एकदम भडकले. मोरो अकरा वर्षं डाव्या अंगाला जुंपला जातो; उजवीकडे घातला तर पाऊल उचलत नाही, मारलं तरी नाही. हे त्याच्याबरोबर वाढलेल्या पोराला कळू नये? तोरिनोत जाऊन डावं-उजवं विसरलास का रे, शहाण्या? मी पोट धरून हसले, पण बाबांनी ताटातली मक्याची पोलेंता तशीच ठेवली.

रागावून पत्र थांबवू नकोस.
ताई

तोरिनो, ८ एप्रिल

ती. ताईस सा. न.

विसरलो नव्हतो गं, मुद्दाम केलं होतं. चित्रात उजवी बाजू बघणाऱ्यासमोर येते, तिथे काळा बैल आभाळापुढे उठून दिसतो. गुरुजी म्हणाले, बघणाऱ्यांना काय कळतंय, हात लावू नकोस. दोन दिवस बाबांवर चिडलो. पण नंतर चित्रातले बैल मला चालताना दिसेचनात. सुरीने दोन्ही खरवडले आणि नऊ दिवसांत पुन्हा रंगवले. मोरो आता बियांकोच्या आड अर्धा झाकलाय. गुरुजींनी कपाळावर हात मारला, आणि परवा प्रदर्शनवाल्यांनी चित्र परत केलं.

वाईट खूप वाटतंय. तरी छातीठोक सांगतो, एवढं चांगलं चित्र मी आजवर काढलं नव्हतं. ते रेल्वेने पुढे धाडलंय. शब्द तो शब्द, रविवारी मी येतो.

बाबांना नमस्कार, तुला आठवण.
ओत्ताव्ह्यो

रोक्कामेला, ११ एप्रिल

चि. ओत्ताव्ह्यो यास अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. बाबांनी चित्र उघडलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, आता चालतील. गोठ्यात मोरोसमोर टांगलंय. मी तुझ्या शब्दाची आठवण दिली, तर माझ्यावरच खेकसले: बैलाला बाजू बदलून जुंपत नाही मी, मग पोराला कसा जुंपू? पुढचं चित्र गाईचं काढ म्हणतात, पण आधी विचारून.

नांगराला गडी ठरवलाय. तुझ्यासाठी तेल लावून ठेवलेले जाडे बूट बाबांनी आज त्याला देऊन टाकले.

इथे सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात असू दे.
ताई