दिवसातून सोळा वेळा

नाशिकरोड,
१२ जानेवारी २०२५

ती. आईस राखीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला दम उरत नाही, म्हणून पत्रच बरं. इकडे सगळं ठीक. मनोजची पहिली पाळी चालू आहे, तो पहाटेच कारखान्यात जातो.

उजवा खांदा जरा धरलाय. अपघाताला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून पायांचं कामही हातांकडेच आलं. ते कुरकुरणारच. पलंगावरून व्हीलचेअरवर, तिथून कमोडवर, मग रिक्षात, ऑफिसच्या खुर्चीत, आणि परत सगळं उलट. दिवसातून सोळा वेळा तरी अंग उचलून टाकावं लागतं. काल केस विंचरताना हातच वर जाईना. शेवटी मनोजने वेणी घातली. बघितली असतीस तर पोट धरून हसली असतीस.

गोळ्या वेळेवर घे. किशोरदादाला जयभीम सांग.

तुझी,
राखी


कळवण,
१९ जानेवारी २०२५

चि. राखीस आईचे अनेक आशीर्वाद.

एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या मी. डाव्या हाताने लिहिलेलं मला कळत नाही, असं वाटलं का तुला? किशोरला मनोजरावांना फोन करायला लावला. पलंग आणि व्हीलचेअरच्या मध्ये तू पडलीस, शेजारची योगिनी येईपर्यंत पाऊण तास फरशीवर होतीस, आणि मला वेणीची गंमत लिहितेस!

तुझं पत्र चार वेळा वाचलं. ऑफिसच्या खुर्चीत, हे दोन शब्द काही केल्या मागे पडेनात. तू पुन्हा कामावर रुजू झालीस, त्या दिवशी मीच तुला म्हटलं होतं की दाखल्यांच्या खिडकीवर बसताना साध्या खुर्चीत बस, ती चाकांची कपाटामागे ढकल, लोकांना कीव करायला जागा देऊ नकोस. मला तेव्हा तो स्वाभिमान वाटला. त्याचं ओझं तुझ्या खांद्यावर पडेल, हे सुचलं नाही. माझं ते बोलणं मी परत घेते.

मी येऊ का? बहात्तराव्या वर्षी तुला उचलणं जमणार नाही, पण खरं काय ते लिही.

तुझी,
आई


नाशिकरोड,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आईस सप्रेम जयभीम.

खरं लिहिते. खांद्याचा स्नायू निम्मा फाटला आहे. पूर्ण फाटला तर ऑपरेशन, आणि पुढे तीन महिने हातावर भार द्यायचा नाही. म्हणजे मी पलंगावरच.

पल्लवी नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याहून लहान. तिने पहिलीपासून शिकवायला घेतलंय. व्हीलचेअर पलंगाला तिरकी भिडवायची, ब्रेक लावायचे, खुर्चीचा त्या बाजूचा हात टेकायचा दांडा काढायचा, मध्ये गुळगुळीत फळी ठेवायची. तळवा टेकून मनगट मोडायचं नाही, मूठ टेकायची. डोकं एकीकडे झुकवलं की कंबर दुसरीकडे सरकते. थोडं थोडं सरकायचं, झटका द्यायचा नाही. पूर्वी एका दमात व्हायचं त्याला आता पाच मिनिटं लागतात. आंघोळीपर्यंत पोचले की दिवस संपल्यासारखा वाटतो. नऊ वर्षं मी हे चुकीचं करत होते, आणि लोक माझ्या हातातल्या ताकदीचं कौतुक करत होते.

तिने मला सोळाची यादी करायला लावली. त्यात चार वेळा निव्वळ ऑफिसच्या खुर्चीपायी होत्या. का, असं तिने विचारलं.

सोमवारी मी व्हीलचेअर सोडलीच नाही. दाखल्यांची खिडकी तिच्यावरून उंच पडते, म्हणून नवनाथ शिपायाने बाहेर हॉलमध्येच बुटकं टेबल लावलं. सगळ्यांसमोर, पायांसकट. घोटीचे एक आजोबा आले, नातीच्या जन्मदाखल्यावर नाव चुकलेलं. त्यांनी चाकांकडे पाहिलं, काय झालं म्हणून विचारलं. अपघात, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि दाखला आजच मिळेल का, असं विचारलं.

दिवसभर असंच. संध्याकाळी रिक्षात मला रडू आलं. राग तुझा नाही, आई. ज्यांच्या नजरेसाठी मी नऊ वर्षं खांदा झिजवला, त्यांना फक्त त्यांचा दाखला हवा होता.

तू ये. काही करू नकोस, नुसती माझ्याजवळ बस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
राखी